तिरक्या पायांच्या खुर्च्या, फुगलेली दारं

जुनं लाकूड, नव्या खोल्या : वाचकांच्या प्रश्नांना बेळगाव-शहापूरच्या एका सुताराची उत्तरं

प्रश्न : सासऱ्यांनी १९६२ साली बेळगावातच करवून घेतलेल्या सहा सागवानी खुर्च्या घरात आहेत. बसायला वेत, पाय खाली निमुळते आणि बाहेर तिरके. आता फ्लॅटचं काम काढलंय. सुतार म्हणतो, वेत काढून फोम-रेक्झिन बसवू आणि वर पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारू. मुलगा पुण्याहून सांगतो, हात लावू नका, या ‘चंदीगड चेअर’ आहेत, परदेशात लाखांनी जातात. कुणाचं ऐकू? (एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर : काकू, दोघांचंही नको.

आधी मुलाचं बघू. चंदीगड शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, त्याचा नात्यातला भाऊ पिएर जॅनरे १९५१ मध्ये तिथे आला आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिला. सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ अशी नव्या शहरातली मोठाली कार्यालयं भरायची होती. त्यासाठी साग आणि वेत वापरून, कुठल्याही बऱ्या सुताराला जमेल असं सामान त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आखलं. पुढे त्या खुर्च्या मोडक्या म्हणून गच्चीवर, कोठारात पडल्या, भंगाराच्या लिलावात गेल्या, आणि परदेशी व्यापाऱ्यांनी त्या दुरुस्त करून विकायला सुरुवात केल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं त्यांची विक्री आणि परदेशी रवानगी थांबवली. त्यातल्या पुष्कळ खुर्च्यांवर कार्यालयाची आद्याक्षरं आणि नंबर रंगवलेले असतात. तुमची खुर्ची उलटी करून बघा. सापडल्याच तर पेन्सिलीच्या खुणा सापडतील, कुठला पाय कुठल्या खाचेत बसतो हे विसरू नये म्हणून सुतारानं केलेल्या.

तेव्हा लाखांचं डोक्यातून काढून टाका. पण ती धाटणी त्याच काळातली आहे, हे मुलानं बरोबर ओळखलं. नक्षी नाही, पाय बारीक, खालची फरशी दिसते. आमच्या वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक मासिकातलं चित्र कापून आणायचं आणि ‘असं करून द्या’ म्हणायचं. चित्रात समोरची बाजू तेवढी दिसायची. मागची बाजू सुताराच्या डोक्यातली. म्हणून बेळगावच्या या खुर्च्यांची पाठ अगदी आपली असते.

आता तुमच्या सुताराचं. वेत काढून चार इंची फोम घातला की बैठक वर येते, खुर्चीचे हात खाली राहतात आणि माणूस खुर्चीवर चढून बसल्यासारखा दिसतो. वेत तुटलेला नसेल, नुसता सैल पडला असेल, तर खुर्ची उलटी करा, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं वेताच्या खालच्या अंगाला चांगलं फिरवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत ताणून बसतो. तुटला असेल तर चौकटीला भोकं आहेत का बघा. भोकं असतील तर वीण हातानं घालावी लागते. नुसती खोबण असेल तर तयार विणलेली जाळी पट्टी ठोकून बसते. भोकांच्या चौकटीवर जाळी खिळ्यांनी मारून देणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

पॉलिशचं म्हणाल तर आधी परीक्षा घ्या. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, स्पिरिटचा बोळा दाबून धरा. बोळा चिकटला आणि तांबूस झाला तर ते चपडा लाखेचं पॉलिश आहे. ते खरवडायची गरज नाही. धूळ-मेण पुसून, स्पिरिटमध्ये पातळ केलेला चपडाच पुन्हा कापडानं चढवायचा. जुना थर आणि नवा थर एकजीव होतात. चपड्यावर नुसता पीयू चढवला तर तो नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. आणि धरावा म्हणून सगळं घासलं, तर साठ वर्षांत सागावर चढलेला मधासारखा रंग त्या भुशाबरोबर जातो. चपड्याचा एक दोष मात्र आहे : गरम चहाचा कप ठेवला की पांढरी कडी उठते. तेवढ्यावर स्पिरिटनं किंचित ओला केलेला बोळा हलकेच फिरवला की ती जाते.

खुर्ची डुगडुगत असेल तर खिळा मारू देऊ नका. जुन्या कामात सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद असतो, तो वाळून सुटतो. सांधा उकलून, गरम पाण्यानं सगळा सरस धुऊन, मग नवा गोंद लावायचा. जुन्यावर नवा लावला तर वर्षभरात पुन्हा तेच. आणि पोरांना सांगा, तिरक्या पायांची खुर्ची ओढायची नाही, उचलायची.

प्रश्न : ऑनलाइन ‘रेट्रो’ टीव्ही युनिट मागवलं. पावसाळ्यात पाय डुगडुगायला लागले, कडा फुगल्या. घरातलं आजोबांचं सागवानी कपाटही बंद होईना. कपाटाचं दार तासून घेऊ का? (खानापूर)

उत्तर : अण्णा, दोन्ही दुखणी पावसाचीच, पण जात वेगळी. युनिटच्या आत भुशाच्या दाबलेल्या फळ्या असणार. त्यात पाणी शिरलं की फुगतात आणि परत बसत नाहीत, शिवाय भुशात स्क्रू धरत नाही. पायांच्या पत्र्याखाली प्लायवूडचा मोठा तुकडा आरपार बोल्टनं बसवा, थोडे दिवस काढेल.

कपाटाला मात्र रंधा लावू नका! लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला फुगतं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. श्रावणात तासलेल्या दाराला फाल्गुनात बोट जाईल एवढी फट पडते. दिवाळीनंतर बघा. तेव्हाही अडलं तरच कडेला दोन हात रंधा मारा आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी पॉलिश लावा, नाहीतर पुढच्या पावसात ती पाणी पिईल.

प्रश्न : ‘ओरिजिनल ईम्स लाउंज चेअर’ स्वस्तात मिळतेय. घ्यावी का? (गोकाक)

उत्तर : चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्यानं आखलेली ती खुर्ची १९५६ पासून अमेरिकेची हर्मन मिलर कंपनी करते आणि ती स्वस्तात मिळत नाही. तुम्हाला मिळतेय ती नक्कल. नक्कल घ्यायला हरकत नाही, पण ओरिजिनल म्हणून पैसे मोजू नका. घेण्याआधी वाकवलेल्या प्लायवूडची कड बघा, थर उकललेले असतील तर सोडून द्या.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीतलं शिसवी कपाट, गादीची बैठक, आरामखुर्ची, सगळं टू बीएचकेत न्यायचंय. (निपाणी)

उत्तर : सगळं नका नेऊ, घराची वखार होईल. हॉलमध्ये आरामखुर्ची ठेवा, तिच्या बाजूला पाय उंच असलेलं हलकं, साधं सामान, म्हणजे फरशी मोकळी दिसेल. बैठक गॅलरीत चांगली दिसेल, पाऊस आत येत नसेल तर. कपाट मात्र मोडू नका. जुनी बरीच कपाटं फाचरींवर जोडलेली असतात, फाचर ठोकून काढली की फळ्या सुट्या होतात. प्रत्येक फळीवर खडूनं नंबर घाला, फाचरी एका पिशवीत ठेवा. आणि टेम्पो सांगायच्या आधी सगळ्यांत लांब फळी मोजा, मग नव्या बिल्डिंगची लिफ्ट.