८९ अंशांवरून उत्तर ध्रुवापर्यंत स्कीवर जायचंय. हिमालयात ट्रेक केलेत, स्कीइंग कधीच नाही. तयारी काय लागेल?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, पुण्यात राहता, हिमालयात दोन-तीन मोठे ट्रेक झालेत, आणि गाईडसोबत 'लास्ट डिग्री' (८९ ते ९० अक्षांशाचा शेवटचा टप्पा) करण्यासाठी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात आहात. माझं उत्तर: यंदा भरू नका. आधी आठ-दहा दिवसांचं ध्रुवीय प्रशिक्षण, मग एखादी लहान मोहीम, मग हे.

पहिली अडचण तुमच्या हातातली नाही. ही मोहीम बार्निओ नावाच्या तळावर अवलंबून असते. २०१८ पर्यंत तो जवळपास दर वर्षी एप्रिलमध्ये तरंगत्या बर्फावर काही आठवड्यांपुरता उभा करत. बर्फावर धावपट्टी करत, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनहून तिथवर विमान जायचं आणि पुढे हेलिकॉप्टर ८९ अंशांवर सोडायचं. २०१९ चा हंगाम विमानांच्या वादात ऐन वेळी रद्द झाला. त्यानंतर कोविड आला, मग युक्रेनचं युद्ध. त्यामुळे तळ यंदा उभा राहणार का, कोणत्या देशातून उड्डाण होणार आणि रद्द झालं तर किती पैसे परत मिळणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. 'पुढच्या वर्षी नेऊ' म्हणजे परतावा नव्हे.

आता चालण्याचं गणित. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणजे १११ किलोमीटर. पण पायाखाली जमीन नाही, समुद्र आहे. बर्फ एक ते तीन मीटर जाड, खाली चार किलोमीटरहून जास्त पाणी, आणि हा सगळा थर वाऱ्याबरोबर सरकत असतो. १८९३ ते १८९६ मध्ये 'फ्राम' जहाज बर्फात अडकवून वाहू देणाऱ्या नॉर्वेच्या संशोधक नान्सेन यांच्या नोंदींपासून चालत आलेला ठोकताळा असा: बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण २ टक्के वेगाने सरकतो, आणि वाऱ्याच्या दिशेच्या थोडा उजवीकडे. ताशी ३६ किलोमीटरचा वारा असेल तर बर्फ ताशी ०.७ किलोमीटर जातो. आठ तास झोपलात की साडेपाच किलोमीटर गेले. वारा पाठीमागून असेल तर ते फुकटात मिळाले, समोरून असेल तर सकाळी तेच पुन्हा चालायचे. शिवाय वळसे. म्हणून दिवसाला १२ ते १५ किलोमीटर धरूनही सात ते दहा दिवस लागतात, आणि पायाखालचं अंतर १११ पेक्षा जास्तच भरतं.

हिमालयात फिरलेल्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर घामाचा. ट्रेकमध्ये चढावर घामाघूम झालात तरी दुपारी उन्हात कपडे वाळतात. इथे एप्रिलमध्ये उणे २० ते उणे ३५ असतं, सूर्य चोवीस तास मावळत नसला तरी काहीही वाळत नाही. ओल कपड्यातच गोठते आणि रोज साठत जाते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांत उबदार वाटायला लागलं की चेन उघडा, टोपी पातळ करा, वेग कमी करा. चालताना अंगावर लोकरीचा आतला थर आणि वारा अडवणारा बाहेरचा, एवढंच. पिसांचं जाड जॅकेट स्लेजमध्ये (सामानाची, मागे ओढायची घसरगाडी) सगळ्यात वर ठेवायचं.

५० मिनिटं चालणं, दहा मिनिटं थांबणं, असे दिवसाला सात-आठ टप्पे होतात. थांबल्यावर आधी ते जॅकेट सगळ्यावर चढवायचं, मग खाणं, पाणी, लघवी. नवखे उलटं करतात: आधी बाटली शोधतात, मग कुडकुडायला लागल्यावर जॅकेट. तोवर बोटं गेलेली असतात आणि पुढचा अर्धा तास ती परत आणण्यात जातो.

ओलीचा हाच हिशेब बुटांना आणि स्लीपिंग बॅगला लागू. पायात आधी पातळ मोजा, त्यावर हवा न जाणारी पिशवी (चक्क प्लास्टिकची चालते), त्यावर जाड लोकरी मोजा, मग बूट. पिशवी नसेल तर घाम बुटाच्या अस्तरात जातो आणि तीन-चार दिवसांत अस्तर बर्फाचं होतं. बूट नेहमीच्या मापापेक्षा दीड-दोन नंबर मोठे घ्या. घट्ट बूट म्हणजे थंड पाय. झोपतानाही तसंच: बॅगेच्या आत तसलंच अस्तर, नाहीतर शरीराची वाफ पिसांत गोठून बॅग रोज जड आणि थंड होत जाते. आत चिकट, ओशट वाटतं खरं. पण दुसरा उपाय नाही.

हिमदंश बहुतेक वेळा नाक, गाल आणि कानाच्या पाळीपासून सुरू होतो. स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीदाराने दर थांब्यावर तुमचा चेहरा बघायचा. पांढरा, मेणासारखा डाग दिसला तर उघडा तळहात त्यावर धरून ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही. मांडीची पुढची बाजूही वाऱ्यात गारठते आणि रात्रीपर्यंत कळत नाही. पँटवरून घालायची भरलेली अर्धी चड्डी घ्या. चष्मा असेल तर तो धुक्याने बंद होणारच, म्हणून रोज फेकायच्या लेन्स आतल्या खिशात ठेवा.

तंबूतला स्टोव्ह हा दुसरा मोठा धोका. या थंडीत गॅसची डबी चालत नाही, पंपाचा द्रव इंधनाचा स्टोव्ह लागतो. माणशी रोज २०० ते २५० मिली इंधन धरा, कारण प्यायचं तीन-चार लिटर पाणी बर्फ वितळवूनच मिळतं. भांड्यात तळाला आधी थोडं पाणी ठेवा, मग बर्फ टाका. कोरडा बर्फ टाकला तर भांडं करपतं. बर्फही कुठलाही चालत नाही. नव्या बर्फात मीठ असतं, त्यावर फुलांसारखे उमललेले हिमकण तर फारच खारट. जुन्या बर्फातलं मीठ झिरपून गेलेलं असतं, त्याच्यावरचा भुसभुशीत थर घ्यायचा आणि आधी चाखून बघायचा. तंबूचं वरचं झरोकं उघडंच ठेवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंधन भरताना ते बोटांवर सांडू देऊ नका: ते हवेइतकंच थंड असूनही गोठत नाही आणि उडून जाताना कातडी जागेवर गोठवतं.

बर्फाला पडलेल्या भेगांना लीड म्हणतात. काळा बर्फ पातळ, करडा त्याहून बरा, पांढरा सहसा जाड. स्कीच्या काठीचा एक जोरदार घाव आरपार गेला तर पाऊल टाकायचं नाही. खाऱ्या पाण्याचा बर्फ तळ्यातल्यासारखा फटकन तुटत नाही, आधी वाकतो. पायाखाली लाट आल्यासारखं वाटलं तरी घाबरून थांबायचं नाही आणि एका जागी गोळाही व्हायचं नाही. ओलांडण्याआधी स्लेजची दोरी हार्नेसपासून सोडा, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) चटकन निघतंय ना ते बघा. बुडणारी स्लेज माणसाला सोबत ओढते. रुंद भेग असेल तर कडेने चालत अरुंद जागा शोधायची, नाहीतर तंबू टाकून ती गोठायची वाट बघायची. कुणी पडलंच तर बाहेर आल्याबरोबर कोरड्या बर्फात लोळायचं, बर्फ पाणी शोषून घेतो. मग तंबू आणि स्टोव्ह.

दाबाने उभ्या राहिलेल्या बर्फाच्या कड्यांवरून स्लेज दोघांनी मिळून न्यायची, एक ओढेल, एक ढकलेल. उतरताना स्लेजच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. ४०-५० किलोचं ओझं पोटरीवर आदळलं तर गुडघा जातो आणि मोहीम तिथेच संपते.

तयारीत वजन उचलण्यापेक्षा टायर ओढणं उपयोगाचं. कमरेला हार्नेस, दोन-तीन मीटर दोरी, गाडीचा जुना टायर. वेताळ टेकडीच्या सपाट मातीवर दीड तासापासून सुरू करून सहा महिन्यांत तीन-चार तासांवर या. बोलता येईल इतकाच वेग. स्कीसाठी गुलमर्गचा सरकारी अभ्यासक्रम चांगला, पण तो उतारावरचा असतो. टाच मोकळी ठेवून सपाटीवर स्लेज ओढण्याची सवय वेगळी. त्यासाठी नॉर्वेतलं फिन्से किंवा कॅनडात बॅफिन बेटावरचं इकॅल्युइट बघा. इकॅल्युइटला प्रत्यक्ष समुद्राच्या बर्फावर सराव होतो, म्हणून तुमच्यासाठी मी तेच निवडेन.

खाणं माणशी दिवसाला साधारण एक किलो कोरडं, पाच हजार कॅलरीच्या आसपास. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, लोणी, चीज आणि सुक्या मेव्यावर भागतं. चिक्की, लाडू जरूर न्या, पण घरीच बोटाच्या पेराएवढे तुकडे करून. उणे ३० ला अख्खी चिक्की दात पाडते.

व्हिसात बरेच जण फसतात. उड्डाण स्वालबार्डहून असेल तर: स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे आणि भारतातून तुम्ही बहुधा ओस्लोमार्गे जाणार. म्हणजे ओस्लोहून निघालात की शेंगेन सोडलं, परतताना पुन्हा शिरलात. एकदाच प्रवेश असलेला व्हिसा परतीला चालत नाही, किमान दोन प्रवेशांचा मागा. विम्यात ध्रुवीय भागातून हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. नेहमीच्या ट्रेकिंग विम्यात तो बहुधा नसतो.