भिंत, रस्ता आणि बदलती वस्ती टिपताना

तुम्ही नुकतेच कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरू लागला आहात, म्हणून सुचवतो की अनेक वस्त्या पालथ्या घालण्यापेक्षा एकच गल्ली निवडा आणि तिथे वारंवार जात राहा. १८६०च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार शार्ल मार्व्हिल यांनी पॅरिसमधल्या पाडल्या जाणार असलेल्या गल्ल्यांची छायाचित्रे घेतली. त्यांचे मोल आज जाणवते ते त्यांत दुकानांच्या पाट्या, फरसबंदी आणि रस्त्याच्या मधोमध वाहणारे गटारसुद्धा स्पष्ट दिसते म्हणून. तेव्हा आसपासचा ‘पसारा’ चौकटीबाहेर काढण्याची घाई करू नका.

भित्तिचित्र टिपताना कॅमेरा भिंतीला समांतर धरा, कारण जवळ उभे राहून तो वर कलवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. रंगांसाठी ढगाळ उजेड उत्तम; मात्र उडालेले पोपडे आणि त्याखालून डोकावणारा जुना रंग दाखवायचा असेल, तर भिंतीला घासून जाणारे तिरपे ऊनच हवे. चित्रावर चित्रकाराचा स्वामित्वहक्क असू शकतो, त्यामुळे त्याचे नाव नोंदवा आणि छायाचित्र विकण्यापूर्वी परवानगीची चौकशी करा.

चालत्या माणसांसाठी ३५ मिमी लेन्स, एफ/८ छिद्रमान (लेन्समधून उजेड येण्याच्या छिद्राचे माप) आणि १/२५० सेकंद शटरवेग हे साधारणपणे पुरते. कोणी हाताने नको म्हटले, तर कॅमेरा खाली घ्यावा. हुज्जत घालू नये.

प्रत्येक वेळी उभे राहण्याची जागा, लेन्स आणि तारीख लिहून ठेवा, म्हणजे इमारत पडल्यावरही तीच चौकट पुन्हा साधता येईल.