उन्हाळी भाजी पूर्ण गेली, घरचे म्हणतात माझ्या हाताला गुण नाही. हिवाळ्यासाठी परसबागेचं नियोजन कसं करू?

ताई, नियोजनाचं खाली लिहिते. आधी त्या "हाताला गुण नाही" बद्दल, कारण हेच वाक्य मी २०१९ च्या उन्हाळ्यात ऐकलंय आणि अजून ते डोक्यातून गेलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की भेंडी गुडघाभर होऊन थांबली, दुपारी माना टाकायची, संध्याकाळी परत ताठ व्हायची, आणि पाणी वाढवूनही फरक पडला नाही. आमच्याकडं अगदी हेच झालं होतं.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. घरामागं विहिरीला लागून दोन गुंठ्यांचं परस आहे, घरच्या खाण्यापुरतं. त्या वर्षी फेब्रुवारीत भेंडी, टोमॅटो आणि दोडका लावला होता. एप्रिल संपेपर्यंत भेंडी खुरटली, टोमॅटोची पानं पिवळी पडली. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पाळीत शिवलीस का गं वाफ्याला?" मी खोटं बोलले नाही, हो म्हणाले. त्या दिवसापासून मी परसात पाय ठेवायचा नाही असं ठरलं. पाणी थोरले दीर द्यायला लागले. त्यांना आम्ही दादा म्हणतो.

पंधरा दिवस मी खिडकीतून बघत होते. त्या पंधरा दिवसांतही झाडं माना टाकतच होती. माझा हात नव्हता, सावली नव्हती, तरी मरत होती. हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. सोळाव्या दिवशी सकाळी जाऊन मी भेंडीचं एक झाड मुळासकट उपटलं.

मुळांना नुसत्या गाठीच गाठी. आलं-हळदीच्या कांडीसारखी मुळं फुगलेली, पांढरी बारीक मुळं जवळजवळ नाहीतच.

दादांना दाखवलं तर ते म्हणाले, "ह्या तर चांगल्या गाठी. हरभऱ्याला असत्यात तशा. नत्र धरत्यात." मी म्हणाले, भेंडी कडधान्य नाही, तिला कशाला असतील नत्राच्या गाठी? त्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बघून सांगितलं, "आता शेती बायका शिकवणार."

मग मी विहिरीच्या बांधावरची चवळी उपटून आणली आणि दोन्ही मुळं पायरीवर शेजारी शेजारी ठेवली. चवळीच्या गाठी बोटानं चोळल्या की गळून पडत होत्या, फोडली की आत गुलाबी. भेंडीची गाठ निघेच ना, कारण ती मुळावर बसलेली नव्हती, मूळच सुजलेलं होतं. हा फरक कुठल्याही शेतकऱ्याला दोन मिनिटांत दिसतो, फक्त वाकून बघायला पाहिजे. दादांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुळं ओल्या मातीसकट पिशवीत घालून मी एसटीनं कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथल्या मॅडमनी बघताक्षणी सांगितलं, सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे किडे मुळात शिरतात, तिथंच बसून रस घेतात, म्हणून गाठी येतात. गाठीच्या मुळातून पाणी नीट वर चढत नाही, त्यामुळं खाली चिखल असला तरी दुपारी झाड सुकतं. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि गरम जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. रोपं कुठून आणली? टोमॅटोची रोपं मातीसकट रोपवाटिकेतून आली होती. आणि त्या जागी आधी काय होतं? चार वर्षं आलटून पालटून भेंडी, टोमॅटो, वांगी, मिरची. सूत्रकृमीला चारही आवडतात. कुठं काय लावायचं हे घरात दादाच ठरवत होते.

आता तुमच्यासाठी. हिवाळ्याच्या याद्या करायच्या आधी उन्हाळ्यातलं एखादं खुंट राहिलं असेल तर ते उपटून मुळं बघा. सगळं काढून टाकलं असेल तर त्याच वाफ्यातली माती कुंडीत भरून भेंडीचे किंवा काकडीचे चार दाणे टोका आणि पाच आठवड्यांनी उपटा. नेहमीच्या माती परीक्षणावर जाऊ नका, त्यात नत्र-स्फुरद-पालाश कळतं, सूत्रकृमी कळत नाहीत. त्यासाठी वेगळं सांगून, वीतभर खोलीवरची ओलसर माती आणि मुळं द्यावी लागतात, उन्हात न वाळवता.

गाठी निघाल्या तर त्या वाफ्यात या हिवाळ्यात वांगी, टोमॅटो, मिरची आणि गाजर नको. गाजराला फाटे फुटतात. तिथं लसूण, कांदा घ्या. गुंठ्याला २० किलो निंबोळी पेंड शेणखतात मिसळून लागणीआधी दोन-तीन आठवडे मातीत घाला. त्या वाफ्याला पाणी सगळ्यात शेवटी द्या, कारण किडे वाहत्या पाण्याबरोबर पुढच्या वाफ्यात जातात. तिथलं खुरपं धुतल्याशिवाय दुसरीकडं वापरू नका.

मी केलं ते झेंडूचं. झेंडूच्या मुळांतून जे निघतं ते सूत्रकृमींना मारतं. मॅडमनी सांगितलं तसा आषाढात अख्ख्या आजारी वाफ्यात वीत-वीत अंतरावर दाट झेंडू लावला. त्यावरून घरात भांडण झालं. "झेंडू काय भाकरीबरोबर खायचाय?" हे मी जेवताना दोन महिने ऐकलं. दसऱ्याला दाराला तोरण घरच्या फुलांचं लागलं, शेजारी चार घरी फुलं गेली, मग बोलणं जरा थांबलं. दसऱ्यानंतर झाडं मुळांसकट तिथंच गाडली.

बाकीच्या चांगल्या वाफ्यांचं नियोजन मी भोगीपासून मागं मोजून करते. जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भाजीला जे लागतं ते घरचं हवं, असं धरलं की तारखा आपोआप लागतात. वांग्याची रोपं सप्टेंबरअखेर जमिनीत गेलेली हवीत. गाजर आणि घाट्यांसाठी हरभरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मटार ऑक्टोबरच्या मध्याला. पावटा पावसाळ्यातच लावलेला असतो, नसेल तर यंदा विकत आणा. मेथी, पालक, कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी, अख्खं पाकीट एकदम पेरू नका. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कांद्याचं बी ऑक्टोबरअखेर गादीवाफ्यावर टाका, डिसेंबरमध्ये पुनर्लागण. एवढं पुरे, बाकीचं तुम्हाला येतच असणार.

तारखा पाळता येतीलच असं नाही. २०१९ ला पाऊस नोव्हेंबरपर्यंत हटला नाही. माझी पहिली कोथिंबीर सडली, लसूण नोव्हेंबरच्या मध्यावर गेला, आणि भोगीला गाजर बाजारातून आणावं लागलं. पण वांगी, मटार, हरभरा घरचा होता, आणि झेंडूच्या जागी लसूण हिरवागार उभा होता.

सासूबाई त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. माझं चुकलं, असंही म्हणाल्या नाहीत. पण संक्रांतीनंतर एकदा, माझी पाळी चालू आहे हे त्यांना नक्की माहीत असताना, त्यांनी आतून हाक मारली, "मेथीची एक जुडी काढून आण गं." मी गेले, काढून आणली. मेथीला काही झालं नाही, पुढचे तीन आठवडे खुडत होतो.

दादा अजून म्हणतात त्या वर्षी ऊनच जास्त होतं. ऊन होतं, मान्य आहे. पारा चाळीसाकडं गेला की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. पण उन्हानं मुळाला गाठी येत नाहीत. आणि ऊन असो की किडे, दोन्हींत घरातल्या बाईचा हात कुठं येतो हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. तुमच्याकडं सूत्रकृमीच असतील असं मी म्हणत नाही. टोमॅटोची पानं चुरडून बारीक झाली असतील तर तो बोकड्या, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या असतील तर हळद्या, ते पांढऱ्या माशीचं दुखणं आणि त्याचा उपाय वेगळा. दुसरं, एका झेंडूनं जमीन कायमची साफ होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भेंडीला गाठी कमी होत्या, पण होत्या. म्हणून आता दर तिसऱ्या वर्षी त्या वाफ्यात झेंडू असतो. आणि तुम्ही कोकणातल्या असाल तर माझ्या तारखा धरू नका, तिकडं भात निघाल्यावरच भाजीचं सुरू होतं.

मुळं उपटाल तेव्हा घरच्यांना समोर उभं करून उपटा. गाठी दिसल्या तर बोटानं चोळून बघा, निघतात की नाही, आणि इथं खाली लिहा.