आजीच्या जुन्या इरकल लुगड्यांचे कुर्ते घरी शिवता येतील का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. घरच्या साध्या मशीनवर आजीच्या इरकलीचा कुर्ता होईल का, आणि 'गेलेल्या माणसाचं लुगडं कापून अंगावर घालू नये' असं घरचे म्हणतात, त्याचं काय करायचं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, होतो. दुसरं मात्र मी स्वतः ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे. सासूबाई गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. जरीची लुगडी थोरल्या जाऊबाईंकडे गेली, नेसून विरलेली माझ्याकडे आली. वाटणी कुणी केली ते सांगायला नको. त्यातलं एक डाळिंबी रंगाचं, बारीक चौकड्याचं लुगडं मी खिडकीशी उजेडात धरलं. बसायचा आणि काष्ट्याचा भाग जाळीसारखा विरळ झालेला, पण काठ टणक आणि पदराकडचं कापड नव्यासारखं. नऊवारात आठ मीटरच्या वर कापड असतं. विरलेलं बाजूला काढूनही लेकीचं परकर-पोलकं आरामात बसलं. काठ परकराच्या घेराला घेतला, पोलक्याच्या बाह्यांना पदराचं लाल रेशीम लावलं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, ते घालून ती रानात आली. कडब्याच्या कोपीपुढं सगळे भज्जी-आंबिलीला बसलेले, आणि जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय गं, मेलेल्या माणसाच्या चिंध्या लेकराच्या अंगावर घालायलीस? कापड मिळंना का लातुरात?" मामंजी समोर होते म्हणून मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते. जाऊबाईंच्या स्वतःच्या लेकाची पहिली दुपटी आजेसासूबाईंच्या लुगड्याची होती, कारण विरलेल्या सुतासारखं मऊ तान्ह्याच्या अंगाला दुसरं काही नसतं. ज्या वाकळेवर अख्खं घर झोपतं तिच्यात चार पिढ्यांची लुगडी आणि धोतरं आहेत. खाली अंथरलेलं चालतं, तान्ह्याला गुंडाळलेलं चालतं, मग पोलक्यानंच काय घोडं मारलंय? मला विचाराल तर हे शास्त्र नाही. जुनं घातलं की लोक गरीब समजतील, एवढीच भीती आहे.

बरं, कुर्ता. कापायच्या आधी लुगडं गार पाण्यात वेगळं भिजवून वाळवा. लाल पदर रंग सोडतो, आणि अंगाचं सूत नि पदराचं रेशीम सारखं आटत नाही. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा. चर्र आवाज आला तर तो भाग पिशवीला किंवा वाकळेला. काठ खाली घेतला तर कुर्त्याची उंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, मावते. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. त्या जोडावर खांद्याची किंवा बगलेची शिवण आणू नका. सुई ११ नंबरची आणि टीप जरा लांब ठेवा. बारीक टिपेनं जुनं कापड भोकाभोकांवरून फाटतं. आतून मलमलचं अस्तर द्या, माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, नेहमीपेक्षा जास्त सोडा आणि अंगासरशी फिटिंग करायला जाऊ नका, सैलच बरं. गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापून, काढा.

शिंप्याकडे टाकू का म्हणाल, तर बहुतेक शिंपी जुनं कापड बघूनच तोंड वाकडं करतात आणि "फाटलं तर आमच्यावर नाही" म्हणून आधीच सांगतात. शिलाई किती पडेल ते गावागणिक वेगळं.

आजीची आठवण म्हणून एखादं लुगडं अखंड ठेवायचं असेल तर ते आधी बाजूला काढा. मग बाकीच्यांना हात लावताना जीव अडकत नाही. आणि घरच्यांना विचारून कापू नका, घालून दाखवा. हो, एक राहिलंच. अस्सल जरीचं, धड असलेलं लुगडं मात्र कापू नका, ते नेसा, आणि नेसत नसाल तर वर्षातून दोनदा तरी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. जाऊबाईंच्या वाट्याची जरीची लुगडी अजून त्या ट्रंकेतच आहेत, सासूबाईंनी घातलेल्या घडीत.