स्टिरिओ डिले-रिव्हर्ब घेण्याआधी दोन केबल कुठे जाणार ते ठरवा

आपण धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवता, घरी हेडफोन लावून रेकॉर्डिंग करता आणि डिले (प्रतिध्वनी) व रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा) एकाच स्टिरिओ पेडलमध्ये, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या इफेक्टच्या डबीत, घ्यावेत की वेगवेगळे, असे विचारले आहे. जळगाव-भुसावळ भागात बरीच वर्षे वाजवल्यानंतरचे माझे मत असे, की दोन वेगळी पेडल घ्यावीत आणि त्यातही डिले आधी घ्यावा.

पेडलमधून डावा-उजवा असे दोन सिग्नल निघाले, तरी ते श्रोत्यांपर्यंत वेगळे पोहोचले तरच स्टिरिओला अर्थ आहे. चाळीसगावच्या एका गणेशोत्सवात मी पिंगपाँग डिले लावला होता, ज्यात प्रतिध्वनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उमटतो. मिक्सरवर चॅनल शिल्लक नसल्याने साऊंडवाल्याने फक्त डावी केबल घेतली. उजवी मात्र पेडलला तशीच राहिली, दुसरे टोक स्टेजवर मोकळे. दोन्ही जॅक भरलेले असल्यामुळे पेडल निम्मे प्रतिध्वनी त्या मोकळ्या केबलमध्ये पाठवत राहिले आणि माझ्या सोलोतला प्रत्येक दुसरा प्रतिध्वनी गळाला. मध्यंतरात उजवी केबल उपटताच सगळे जागेवर आले, कारण बहुतेक स्टिरिओ पेडल एकच जॅक लावला की दोन्ही बाजू त्यात एकत्र करून देतात. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत साऊंड मोनोच, म्हणजे डावे-उजवे एकत्र असा, असतो, तेव्हा स्टेजवर ही सवय ठेवावी. स्टिरिओचा खरा आनंद आपल्याला घरी, हेडफोनवरच मिळेल.

डिलेला टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन लय ठरवायची सोय, हवीच. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि पाऊण मात्रेचा डिले ३७५ चा. पण केरव्याच्या गाण्यात ढोलकीवाला रंगात येऊन लय चढवू लागला, की हे आकडे उपयोगाचे राहत नाहीत, पायाने ठोका देऊनच डिले जुळवावा लागतो.

पेडलच्या साखळीत डिलेनंतर रिव्हर्ब ठेवावा, आणि त्या रिव्हर्बला आत येणारे जॅकही दोन आहेत ना, हे जरूर पाहावे, नाहीतर डिलेने मेहनतीने पसरवलेला आवाज तिथेच एक होऊन जातो. बॉस कंपनीच्या आरव्ही-६ या रिव्हर्ब पेडलमध्ये आत-बाहेर दोन-दोन जॅक आहेत. त्यात रिव्हर्बसोबत डिले देणारा एक मोडही आहे, परंतु चारच नॉब असल्यामुळे दोन्हींवर स्वतंत्र ताबा मिळत नाही. एकच पेडल घ्यायचे ठरलेच, तर बॉसचे आरई-२०२ ऐकून पाहा. रोलँडच्या १९७४ मधील आरई-२०१ या टेप इकोच्या (फिरत्या टेपवर प्रतिध्वनी तयार करणाऱ्या यंत्राच्या) धर्तीवरचे हे स्टिरिओ पेडल जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना फार शोभते.

रिव्हर्बची मात्रा जागेवर ठरवावी. उघड्या मैदानात तो मोकळ्या हाताने द्यावा; फरशी आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात हॉलच इतका घुमतो, की मी रिव्हर्ब पूर्ण बंद करून फक्त डिले ठेवतो.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नका. एका ॲडॉप्टरला चार फाटे फोडले की डिजिटल पेडलची बारीक शिट्टी गिटारच्या आवाजात उतरते, त्यामुळे प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय घ्यावा आणि पेडलवर लिहिलेले मिलिॲम्पिअर त्याच्याशी ताडून पाहावेत.

दुकानात जाताना आपली गिटार आणि दोन केबल सोबत न्याव्यात, एक कॉर्ड वाजवून डिले बंद करावा आणि उरलेले प्रतिध्वनी हळूहळू विरतात की कात्रीने कापल्यासारखे तुटतात, ते ऐकावे. तुटत असतील तर ते पेडल संथ गाण्यांत आपल्याला त्रास देईल.