मुलगी जेवत नाही आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल

सप्रेम नमस्कार,

तुमच्या १४ वर्षांच्या मुलीने सहा महिन्यांपूर्वी आधी गोड सोडले, मग तळलेले, आणि आता ती अर्ध्या ताटावरून उठते. तीन महिने तिला पाळी आलेली नाही आणि थंडी नसतानाही ती स्वेटर घालून बसते, तरी अभ्यासात ती कुठेही मागे नाही. रक्ततपासणीत काही निघाले नाही, म्हणून तुमच्या यजमानांना हा वयाचा हट्ट वाटतो. बळजबरी करावी की काही दिवस तिच्या कलाने घ्यावे, असे तुम्ही विचारता. तिच्या कलाने घेण्याची वेळ निघून गेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रावरून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणे ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत नेण्याच्या मानसिक आजाराची, शंका घेण्याइतकी ठळक आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. उपाशी शरीर रक्तातील घटक बराच काळ सावरून धरते आणि काटकसर दुसरीकडे करते: हृदयाचे ठोके मंदावतात, हातपाय गार पडतात, पाळी थांबते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात त्यांची झीज सुरू होते. वजन अजून फार कमी दिसत नाही, हाही दिलासा नव्हे, कारण थोड्या काळात बरेच वजन उतरलेले मूल सडपातळ दिसत नसले तरी गंभीर आजारी असू शकते. मुलग्यांनाही हे आजार होतात. त्यांच्या बाबतीत ते आणखी उशिरा लक्षात येतात.

ती स्वतः खात नाही, पण तासन्‌तास पाककृती वाचते आणि घरच्यांना आग्रहाने वाढते, याचे तुम्हाला कोडे पडले आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला होता. त्यांच्यापैकी अनेकजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक घास लांबवत बसले, चिडचिडे झाले आणि मित्रांपासून दूर गेले. वजन कमी करण्याचे वेड त्यांच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हते; हे सगळे उपासमारीने घडवले होते. तुमच्या मुलीचा जो स्वभाव तुम्हाला बदललेला वाटतो, त्याचा मोठा भाग भुकेचा असू शकतो, आणि म्हणूनच आधी तिचे मन वळवू, मग ती जेवेल, हा क्रम इथे उपयोगी पडत नाही. अन्न आधी पोटात जावे लागते. विचार त्यानंतर हळूहळू सुटे होतात.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात याच आजारासाठी कुटुंबाला सोबत घेणारी उपचारपद्धती आकाराला आली. तिच्यात काय आणि किती खायचे हे सुरुवातीला पालक ठरवतात, आणि प्रकृती सुधारेल तशी ती जबाबदारी मुलाकडे परत देतात. बळजबरी म्हणजे ओरडणे, धमकावणे, तोंडात घास कोंबणे असेल, तर ती नको. ताट तुम्ही वाढा, शेजारी बसा, आणि ती रडली, चिडली तरी शांतपणे सांगा, ‘तुला किती भीती वाटते आहे ते मला दिसते आहे, पण एवढे जेवायचे आहे.’ जेवण झाल्यावर तासभर तिच्यासोबत राहा, कारण ती लगेच बाथरूमकडे जाते असे तुम्ही लिहिले आहे. वारंवार उलट्या केल्याने पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. ‘आता बरी दिसतेस’ हे कौतुकाचे वाक्यही सध्या टाळा, कारण तिच्या कानाला ते ‘जाड झालीस’ असे ऐकू येईल.

तिच्या वजनावर तुम्ही एकदा बोललात, त्यातूनच हे झाले का, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जणू दबकत विचारला आहे. तसे बोलणे टाळायला हवे होते. पण आनुवंशिकता, स्वभाव, वयात येणे आणि आहारावर घातलेली बंधने असे बरेच काही एकत्र आल्यावर हा आजार होतो, एका वाक्याने नव्हे. तिला एकदा ‘माझे चुकले’ म्हणा आणि अपराधीपणात अडकून राहू नका. तिला तुम्ही खंबीर हव्या आहात.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि यजमानांनाही सोबत न्या. झोपून आणि उभे राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासण्याची विनंती करा, गेल्या काही वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी दाखवा, आणि बालमानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. ती बेशुद्ध पडली, छातीत धडधडू लागले, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा तिने खाणे-पिणेच थांबवले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. आहारातील वाढ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. जगणे नकोसे वाटते का, हेही तिला सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार मनात येत नाहीत, आणि उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटे न ठेवता लगेच डॉक्टरांकडे न्या.

भेट ठरली की तिला आदल्या दिवशीच सांगा. ती नाही म्हणेल. तरीही न्या.