स्कॉलरशिप अडकली म्हणून कॉलेज बदलू का?

परीक्षेचे फॉर्म सुटले की माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न हमखास असतो, मॅडम स्कॉलरशिप आलीच नाही, कॉलेज फी मागतंय, इथं नाही जमणार, गावाकडचं कॉलेज बघू का. कधी मुलगा स्वतः विचारतो, कधी वडील फोन करतात, कधी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर नुसता एक मेसेज येऊन पडतो, "ट्रान्सफर करायचंय, प्रोसेस सांगा". मी प्रोसेस लगेच सांगत नाही. आधी विचारते पैसे नक्की कुठं अडकलेत. बहुतेकांना ते माहीतच नसतं, आणि ते माहीत नसताना कॉलेज बदललं तर अडचण तुमच्याबरोबर नव्या कॉलेजात येते, शिवाय वर्ष वाया जायची भीती.

एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारून लिहितेय, नाव बदललंय, अजय म्हणूया. घर नांदेड जिल्ह्यात, वडील गवंडी, आई घरी शिलाई करते, मोठा भाऊ गावातच मिळेल ते काम करतो. अजय पुण्याच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला. ॲडमिशन कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून), एससी कॅटेगरी, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, म्हणजे भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपला पूर्ण पात्र. तरी कॉलेजच्या अकाउंट सेक्शनच्या मते फर्स्ट इयरची निम्म्याहून जास्त फी बाकी आणि सेकंड इयरची तर सगळीच. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही असं तोंडी सांगितलेलं.

पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा पैशाचं नावच नाही. म्हणाला, मॅडम इथलं इंग्लिशमधलं शिकवणं झेपत नाही, नांदेडला बरं पडेल. मी मार्क विचारले तर आधीच्या सेमिस्टरला दहापैकी आठच्या वर एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी. मग झेपत नाही कसं? गप्प बसला. मीही गप्प बसले, अशा वेळी घाई करून काही मिळत नाही. बऱ्याच वेळानं त्यानं मोबाईल पुढं केला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑफिसकडून एक यादी टाकलेली, फी बाकी असलेल्यांची, नावासमोर रक्कम आणि पुढच्या रकान्यात स्कॉलरशिपचा प्रकार. म्हणजे कोण कुठल्या कॅटेगरीतला हे सगळ्या वर्गाला एका मिनिटात कळलं. मित्र कोणी काही बोलले नाहीत, उलट एकानं जेवायला नेलं, पण अजय त्या दिवसापासून मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर जायला लागला, लेक्चरला मागं बसायला लागला, आणि मग जाणंच कमी केलं.

मला हे इथं स्पष्ट लिहायचंय. अशी यादी ग्रुपवर टाकणं चूक आहे, कुठल्याही कारणानं. फी बाकी असेल तर त्या मुलाला बोलावून सांगा, घरी पत्र पाठवा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची जात आणि घरची गरिबी साठ-सत्तर जणांच्या मोबाईलवर टाकून फी वसूल होत नाही, मुलगा तेवढा कॉलेजातून उठतो. अजयला खरं तर त्या यादीपासून लांब जायचं होतं आणि त्यासाठी नांदेडचं नाव पुढं केलेलं. हे त्याच्या तोंडून आलं तेव्हा तो रडला, आणि मला वाटतं तिथून पुढं आमचं काम सुरू झालं.

दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते, ते आम्ही वेगळे केले. वर्गात बसायची लाज हा एक, पैसे कुठायत हा दुसरा. पहिल्यावर एकच ठरवलं, लेक्चर चुकवायचं नाही, कारण हजेरी कमी पडली तर उद्या त्याच कारणावरून आणखी अडेल. दुसऱ्यासाठी महाडीबीटीचं, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचं, लॉगिन उघडलं.

इथं थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण खूप घरांत नेमकं हेच माहीत नसतं. एससीच्या पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपमध्ये २०२१ नंतर बदल झाला. ६० टक्के हिस्सा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. आधी राज्याचा हिस्सा निघतो, मग केंद्राचा, आणि केंद्राचे पैसे कॉलेजला न जाता थेट विद्यार्थ्याच्या आधार-लिंक खात्यात पडतात. त्यातली फीची रक्कम मुलानं सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. यात गंमत बघा, आधार-लिंक खातं म्हणजे अर्जात लिहिलेला अकाउंट नंबर नव्हे. आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिथं पैसे जातात, मग ते खातं तुम्हाला आठवत असो वा नसो.

अजयच्या फर्स्ट इयरच्या अर्जावर दोन्ही हिस्से वितरित झालेले दिसत होते. राज्याच्या हिश्शाचा हिशोब कॉलेजच्या नोंदीत बरोबर लागत होता, केंद्राचा हिस्सा मात्र त्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात कुठंच नाही. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव! दहावीनंतर सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं, त्यालाच आधार चिकटलेलं. तो नंबर आता मोठा भाऊ वापरतो.

भावाला फोन लावला. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाला, पैसे आले होते, मेसेज आला होता, पण तेव्हाच पप्पा परांचीवरून पडले होते, दवाखान्यात वीस हजाराच्या आसपास गेले, बाकीचे तसेच आहेत, मला वाटलं सरकारनं अजयच्या खर्चाला दिलेत, नंतर सांगणार होतो. वडील पडल्याचंही अजयला पूर्ण सांगितलं नव्हतं, परीक्षेत लक्ष लागणार नाही म्हणून. अजय भयंकर चिडला. माझ्यासमोर म्हणाला भावानं चोरी केली. मी तरी याला चोरी म्हणणार नाही. घरात आजारपण आहे, मोबाईलवर पैसे आलेत, ते फीचे आहेत हे कोणी सांगितलेलं नाही, अशा वेळी त्या घरानं दुसरं काय केलं असतं? मी त्याला एवढंच म्हटलं की रागाचा विचार पुढच्या आठवड्यात करू, आत्ता भावाशी बोलणं बंद करू नकोस, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येणारेय.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन. "म्याडम, पोरगं हुशार हाय हो, पण आता आमच्यानं काय होईना. घरी आणतो, नांदेडला घालतो. नको ते पुणं." त्यांचा आवाज ऐकून कळत होतं की मुलाचं नुकसान आपल्यामुळं झालं असं त्यांच्या मनानं घेतलंय. मी म्हटलं, दादा, घरी आणायचं का ते तुम्ही आणि अजयनं ठरवायचं, पण आत्ता कॉलेज बदललं तर काय काय होईल तेवढं ऐकून घ्या.

मग मी सांगितलं ते असं. टीसी काढायची तर कॉलेज नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) मागणार, म्हणजे बाकी फी पुन्हा समोर येणारच, तिच्यापासून सुटका नाही. (ओरिजिनल कागद अडवून ठेवायला कॉलेजला परवानगी नाही, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्येच तसं सांगितलंय आणि पुढच्या वर्षांची फीही आगाऊ मागता येत नाही, पण झालेल्या वर्षाची बाकी ही बाकीच असते.) पुणे विद्यापीठातून नांदेडकडं गेलं तर तिकडची बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे विद्यापीठ बदलणार, मायग्रेशन (जुन्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला) लागणार, झालेले विषय जुळवून बघणार, जुळले नाहीत तर ते जादाचे द्यावे लागणार. तिथं त्या वर्षाला, त्या ब्रँचला जागा रिकामी हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या स्कॉलरशिपच्या नियमांत लिहिलेलंच आहे की शासनाची आधी मंजुरी न घेता संस्था बदलली तर स्कॉलरशिप रद्द होऊ शकते. म्हणजे ज्या पैशासाठी पळायचं तेच पैसे जाण्याची शक्यता. दादांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग आता काय करावं?"

सेकंड इयरच्या अर्जाचं कारण अगदी साधं निघालं. अर्ज कॉलेज लेव्हलवरून सेंड बॅक झालेला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आलेला, उत्पन्नाचा दाखला जुना जोडला म्हणून. सेंड बॅकचा मेसेजही त्याच जुन्या नंबरवर गेलेला. अजय समजत होता अर्ज सरकारकडं पडून आहे, आणि अर्ज होता त्याच्याच लॉगिनमध्ये. भावानं तहसीलचा नवीन दाखला काढून पाठवला, अर्ज पुन्हा सबमिट केला, स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्ककडं अजय स्वतः जाऊन उभा राहिला, आणि त्याच दिवशी प्रोफाईलमधला मोबाईल नंबर बदलला. बँकेच्या शाखेत फॉर्म भरून आधार आपल्या खात्याला सीड करून घेतलं.

फर्स्ट इयरच्या बाकीचं तेवढं सोपं नव्हतं. खात्यात उरलेली रक्कम लगेच कॉलेजला भरली आणि रीतसर पावती घेतली. राहिलेल्या वीस हजारांसाठी प्राचार्यांना अर्ज लिहिला, खरी परिस्थिती मांडून, वडिलांच्या दवाखान्याचे कागद जोडून, हप्ते मागून. भीक मागितल्यासारखं वाटतं म्हणत होता, पहिला मसुदा नुसता "कृपया, कृपया" नं भरलेला. तो आम्ही बाजूला ठेवला आणि सरळ लिहिलं की मी अमुक योजनेचा लाभार्थी, या तारखेला इतकी रक्कम भरली, इतकी बाकी, ती अशी अशी भरीन, सेकंड इयरचा अर्ज या टप्प्यावर आहे, त्याचा प्रिंट सोबत, मला परीक्षेचा फॉर्म भरू द्यावा. प्रत समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयाला. कॉलेजातल्या समान संधी केंद्राच्या सरांनी तो अर्ज हातात घेऊन आत नेला, याचा फार उपयोग झाला. यादीबद्दलही त्याच सरांशी बोललो, ती ग्रुपवरून काढली गेली. फॉर्म भरला गेला, अजय परीक्षेला बसला. वीस हजारांचे हप्ते अजून चालू आहेत, भाऊ पाठवतो.

आता याचा अर्थ कॉलेज बदलूच नये असा कोणी काढू नका. त्याच सुमारास एक मुलगी आली होती, नाशिकची, पुण्यात शिकत होती. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), वडिलांचं किराणा दुकान, उत्पन्न आठ लाखांच्या आत. जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग), ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, घरच्यांनी ती बातमी वाचून निर्धास्त ॲडमिशन घेतलं. पण आवडीची ब्रँच मिळावी म्हणून घेतलेलं ॲडमिशन इन्स्टिट्यूट लेव्हलचं, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरलेल्या जागेवरचं, आणि माफी फक्त कॅपमधून आलेल्या मुलींना. तिच्या बाबतीत पैसे कुठं अडकलेले नव्हते, ते येणारच नव्हते. कितीही अर्ज सुधारले असते तरी काही उपयोग नव्हता. एका वर्षाची फी कर्ज काढून भरलेली आणि हॉस्टेल, मेस धरून खर्च दुकानाला पेलणारा नव्हता.

तिला मी बदल असंच सांगितलं. नाशिकची कॉलेजंही पुणे विद्यापीठातच येतात, त्यामुळं सिलॅबसचा प्रश्न जवळजवळ नव्हता. सेकंड इयरला जागा रिकामी असलेलं, फी कमी असलेलं कॉलेज मिळालं. माफी तिथंही मिळणार नाही हे धरूनच आम्ही हिशोब केला, तरी राहणं-खाणं वाचल्यामुळं आकडा दुकानाच्या आवाक्यात आला. ती खूश नव्हती. मैत्रिणी सुटल्या, पुणं सुटलं, आपण हरलो असं तिला बरेच दिवस वाटत होतं आणि ते वाटणं मी खोडून काढायला गेले नाही, ते खरं होतं तिच्यापुरतं. पण घरात रोज रात्री होणारी पैशावरची भांडणं थांबली हे तिनंच नंतर सांगितलं.

तर बदलायचंच ठरलं असेल तर वर्ष संपताना बदला, मध्येच नाही, आणि फायनल इयरपर्यंत थांबू नका. नव्या कॉलेजात आधी जाऊन विचारा की तुमच्या वर्षाला जागा आहे का, झालेले सगळे विषय धरणार का, शुल्क नियामक प्राधिकरणानं त्यांची फी किती ठरवलीय, डेव्हलपमेंट फीसकट आकडा किती. स्कॉलरशिप मिळत असेल तर समाजकल्याण किंवा तुमच्या योजनेच्या विभागात अर्ज देऊन संस्था बदलाची मंजुरी घ्या, पोहोच घ्या. जुन्या कॉलेजातली चालू वर्षाची स्कॉलरशिप पूर्ण वितरित झालीय का ते बघा. जुना मोबाईल नंबर कुठं कुठं लागलाय ते तपासा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. आणि टीसी सगळ्यात शेवटी काढा, नव्या कॉलेजचं होकाराचं पत्र कागदावर हातात आल्यावर, फोनवरच्या "या, बघू" वर नाही.